नळीची थरथर, वजनी ट्यूनर आणि ५० मीटरवरचा उभा पसारा

शिवडीकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. वरळीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव केल्यानंतर या हंगामापासून मी ५० मीटर प्रोनकडे, म्हणजे पालथे पडून करायच्या नेमबाजीकडे, वळलो आहे. पुरुषांचा प्रोन प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तिथून वगळला गेला असला, तरी आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत तो अजून खेळला जातो. शिवाय पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ज्या थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्याच्या पात्रता फेरीतली एक तृतीयांश नेमबाजी प्रोनमध्येच होते, त्यामुळे या प्रकाराला कमी लेखण्याचे कारण नाही.

माझ्या हातात आलेली रायफल क्लबची, ०.२२ ची आणि जुन्या अक्रोडी दस्त्याची आहे. तिच्यावर माझे शॉट्स आडवे फारसे पसरत नाहीत, पण उभे पसरतात. रेंजवरील एका ज्येष्ठ सभासदांचे मत असे पडले की गोळी सुटताना बॅरल, म्हणजे नळी, थरथरते, आणि तिच्या तोंडाशी सरकवता येणारे वजन, म्हणजे ट्यूनर, लावून ही थरथर जुळवून घेतली की पसारा आटोक्यात येईल. ट्यूनर आयात करावा लागतो आणि तो स्वस्त नाही. विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पोलादाच्या इतक्या जाड नळीची थरथर नेम बिघडवण्याइतकी मोठी असते का? आणि असेल, तर वजन लावल्याने ती कमी होते म्हणजे नेमके काय होते?

माटुंग्याचा यंत्रज्ञ

प्रश्न नेमका विचारला आहे, त्यामुळे उत्तरही आकड्यांसह देतो. मी नेमबाज नाही. कंपनांचे विश्लेषण हा माझा पोटापाण्याचा विषय आहे आणि व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असल्यापासून रायफलच्या नळीचे उदाहरण मला आवडते, कारण पाठ्यपुस्तकातला एका टोकाला घट्ट धरलेला दांडा प्रत्यक्षात इतक्या शुद्ध रूपात क्वचितच पाहायला मिळतो.

आधी ५० मीटरवर किती चूक परवडते ते पाहू. या लक्ष्यावर १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि त्याच्या आतल्या छोट्या वर्तुळाचा, म्हणजे आतल्या दहाचा, ५ मिलिमीटर असतो. नळीचे तोंड १०,००० त १ भाग इतक्या कोनाने वळले, तर गोळी ५ मिलिमीटर सरकते. हा कोन इतका लहान आहे की नळीच्या शेवटच्या १० सेंटीमीटरमध्ये तो मोजायचा म्हटला तर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा बाक पाहावा लागेल. पोलाद जाड दिसते म्हणून ते इतकेही वाकणार नाही, असे मानता येत नाही. ते वाकते, आणि हे शंभरहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. १९०० च्या आसपास जर्मनीत क्रान्झ आणि कोख यांनी नळीच्या कंपनांची छायाचित्रे घेतली होती, आणि इंग्लंडमध्ये मॅलॉक यांचा याच विषयावरचा निबंध १९०१ मध्ये रॉयल सोसायटीच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाला.

आता नळी कशी थरथरते ते पाहू. ६५० मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर जाड आणि एका टोकाला घट्ट धरलेला पोलादी दांडा घ्या. मधले ५.६ मिलिमीटरचे छिद्र गणिताला फारसा धक्का लावत नाही. अशा दांड्याची मूळ वारंवारिता सेकंदाला ३७ च्या आसपास येते, म्हणजे एक पूर्ण हेलकावा घ्यायला नळीला २७ मिलिसेकंद लागतात. गोळी मात्र नळीतून अडीच ते तीन मिलिसेकंदांत बाहेर पडते. यावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. उडी मारल्यावर तरणतलावाची फळी जशी वरखाली झुलत राहते, तशी नळी झुलत असताना गोळी सुटते, असे जे चित्र आपण मनात रंगवतो ते चुकीचे आहे. मूळ हेलकाव्याचा जेमतेम दहावा भाग होतो, तोपर्यंत गोळी लक्ष्याकडे निघून गेलेली असते. दिसणारे किंवा हाताला जाणवणारे सगळे कंप गोळी गेल्यानंतरचे असतात आणि त्यांचा नेमावर काडीचाही परिणाम होत नाही.

परिणाम करतात ते दोन घटक. पहिला घटक म्हणजे त्या दहाव्या भागात नळीला बसणारा उभा झटका. रायफलचा गुरुत्वमध्य नळीच्या अक्षाच्या खाली असतो आणि खांद्याचा आधारही खालीच असतो. त्यामुळे मागे येणारा धक्का रायफलला सरळ मागे ढकलतोच, पण त्याबरोबर तिला वर फिरवूही पाहतो. या फिरण्याला नळीचे टोक आपल्या जडत्वामुळे किंचित उशिरा प्रतिसाद देते, आणि त्यामुळेच नळीच्या हालचालीत उभी दिशा आडवीपेक्षा प्रबळ असते. दुसरा घटक म्हणजे वरच्या पायरीची कंपने. याच दांड्याची दुसरी वारंवारिता मूळ वारंवारितेच्या सव्वासहा पट, म्हणजे सुमारे २३०, आणि तिसरी साडेसतरा पट, म्हणजे सुमारे ६५० येते. तिसऱ्या प्रकारच्या कंपनाची गोळी आत असताना दीड-दोन आवर्तने पूर्ण होतात. त्यांचा विस्तार लहान असतो, पण आपल्याला परवडणारा कोनही लहानच आहे. या कंपनांची सुरुवात दारू पेटण्यापूर्वी, फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळते तेव्हाच होते.

या सगळ्यात लक्षात ठेवण्याची बाब अशी की थरथर प्रत्येक शॉटला हुबेहूब सारखी असेल, तर तिचा उपद्रव शून्य आहे. गोळी सुटताना तोंड दरवेळी ठरावीक कोनात वर गेलेले असेल, तर साइट्स (नेम धरायची साधने) क्लिक-क्लिक फिरवून जुळवताना तो कोन आपोआप सामावला जातो. पसारा होतो तो एका शॉटची थरथर दुसऱ्यासारखी नसल्यामुळे, किंवा थरथर तीच असून गोळी सुटण्याचा क्षण पुढेमागे झाल्यामुळे. म्हणून शिवडीकरांनी रायफल थरथरते का हे पाहण्यापेक्षा तिच्या थरथरीत सातत्य का नाही याचा शोध घ्यावा, असे मला वाटते.

थ्रीनॉटथ्री

यंत्रज्ञसाहेबांनी उत्तम मांडणी केली आहे. माझे आयुष्य पोलीस दलात शस्त्रांची देखभाल करण्यात गेले, तेव्हा एक जुना अनुभवसिद्ध दाखला जोडतो. ज्या ली-एनफील्ड रायफली इच्छापूरच्या कारखान्यात बनल्या आणि आपल्या दलांनी पुढे अनेक दशके वापरल्या, त्यांच्या बोल्टची (काडतूस नळीत बंद करणाऱ्या दांड्याची) पकड मागच्या बाजूला असते. माउझरसारख्या रायफलमध्ये ती पुढे, काडतुसाच्या लगत असते. मागच्या पकडीमुळे दाब आला की ली-एनफील्डचा सांगाडाच किंचित वाकतो आणि नळीला मोठा उभा झटका मिळतो. कागदावर पाहिले तर हा दोष आहे, आणि २०० किंवा ३०० यार्डांवर पुढच्या पकडीच्या रायफली तिच्यापेक्षा सरस ठरत असत. पण ९०० ते १००० यार्डांवर हीच रायफल ब्रिटिश नेमबाजांच्या पसंतीची होती. याचे कारण असे की कमी वेगाची गोळी नळीतून थोडी उशिरा सुटते आणि तोपर्यंत वर जाणारे तोंड अजून थोडे वर गेलेले असते. मंद गोळी जास्त कोनातून निघाल्यामुळे लांबवर ती वेगवान गोळीच्या जवळ जाऊन पडते. कंपनाने वेगातील फरकाची भरपाई केली, असा हा प्रकार आहे. मात्र भरपाई एका विशिष्ट अंतरालाच जुळते, त्या अंतराच्या अलीकडे ती जास्त होते आणि पलीकडे अपुरी पडते.

माटुंग्याचा यंत्रज्ञ

साहेब, आपल्या या दाखल्यामुळे ट्यूनरचा विषय सोपा झाला. ०.२२ च्या स्पर्धेतील काडतुसांचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर असतो. ५० मीटर जायला गोळीला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वामुळे सुमारे साडेबारा सेंटीमीटर खाली येते. वेग एक टक्क्याने, म्हणजे ३ मीटर प्रतिसेकंदाने, कमी झाला तर ही घट दोन टक्क्यांनी वाढते आणि गोळी अडीच मिलिमीटर खाली लागते. आतल्या दहाचा व्यास ५ मिलिमीटर आहे हे लक्षात घेतले तर हा फरक क्षुल्लक नाही, आणि चांगल्या लॉटमध्येही (एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांमध्येही) वेगात थोडाफार फरक राहतोच.

तीच मंद गोळी नळीतून मिलिसेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतकी उशिरा बाहेर पडते. तेवढ्या अवधीत तोंडाचा कोन २०,००० त १ भागाने वर गेला, तर अडीच मिलिमीटरची भरपाई पूर्ण होते. ट्यूनरचे काम म्हणजे तोंडाच्या हालचालीचा वेग बरोबर तेवढा करून देणे. कंपने थांबवणे हे त्याचे कामच नव्हे, त्यामुळे 'थरथर कमी होते' हे जाहिरातीतील वाक्य फार तर अर्धे खरे म्हणता येईल. वर दिलेल्या नळीचे वजन दोन किलोच्या जवळ आहे, पण कंपनांच्या हिशेबात तिचा टोकाशी जाणवणारा भार त्याच्या चौथ्या भागाइतकाच असतो, त्यामुळे टोकाला १५० ग्रॅमचे वजन लावले तर मूळ वारंवारिता १२ ते १३ टक्क्यांनी खाली येते. वजन पुढेमागे सरकवल्यावर हा आकडा बारीक पायऱ्यांनी बदलतो. भौतिकशास्त्र म्हणून यात काहीही खोटे नाही. ब्राउनिंग कंपनीने शिकारी रायफलींवर असे सरकते वजन १९९० च्या दशकातच आणले होते, आणि ०.२२ च्या बेंचरेस्ट स्पर्धांमध्ये आज ट्यूनर लावलेली रायफल ही नेहमीची गोष्ट झाली आहे. पण बेंचरेस्टमध्ये रायफल टेबलावर टेकवलेली असते, आणि प्रोनमध्ये ती माणसाच्या हातात आणि खांद्यावर असते. त्यामुळे हा अनुभव प्रोनला तसाच्या तसा लागू करताना मला संकोच वाटतो.

कर्नाळ्याची ताई

यंत्रज्ञदादांचा हा संकोच अगदी योग्य आहे. मी पनवेलकडे मुलांना रायफल शिकवते. उभा पसारा दिसला की माझा पहिला संशय नळीवर जात नाही, श्वासावर जातो. प्रोनमध्ये पोट आणि छाती जमिनीला टेकलेली असल्यामुळे श्वासाबरोबर रायफलचे तोंड जवळजवळ सरळ वरखाली होते. प्रत्येक शॉटला श्वास नेमका त्याच जागी थांबला नाही, तर कागदावर उभी रेघ तयार होते. शिवडीकरांना १० मीटर उभ्या स्थितीची सवय आहे. तिथे श्वासाचा हिशेब वेगळा असतो, त्यामुळे ही शक्यता त्यांनी सर्वप्रथम तपासावी.

दुसरा संशय स्लिंगवर. प्रोनमध्ये स्लिंग (दंडाला बांधलेला पट्टा) हँडस्टॉपला, म्हणजे दस्त्याखालच्या हाताच्या अडणीला, जोरात ओढते आणि दस्त्याचा पुढचा भाग किंचित खाली व बाजूला झुकतो. नळी दस्त्यापासून पूर्णपणे सुटी, म्हणजे फ्री फ्लोट, असेल तर या झुकण्याने बिघडत नाही. पण जुन्या लाकडी दस्त्यात नळी कुठे घासत असेल, तर स्लिंगचा ताण बदलला की ज्या ठिकाणी नळी टेकते तिथला दाबही बदलतो. मग प्रत्येक शॉटची थरथर वेगळी होणारच, आणि यंत्रज्ञदादा ज्याला सातत्याचा अभाव म्हणतात तो नेमका इथे निर्माण होतो. खांद्यावरचा बट प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) एकदा वर आणि एकदा खाली बसला, तरी मागे येणाऱ्या धक्क्याची दिशा बदलते. धक्का गोळी आत असतानाच सुरू होतो, त्यामुळे एखादा शॉट ढिल्या खांद्याने आणि एखादा घट्ट खांद्याने मारला, तर दोन वेगळ्या रायफलींनी मारल्यासारखे आहे.

ट्यूनरविषयी माझी वेगळी तक्रार आहे. तोंडाशी वजन आले की रायफलचा तोल पुढे जातो. काही मुलांना त्याने होल्ड, म्हणजे रायफल धरून ठेवणे, स्थिर वाटतो आणि गुण खरोखरच वाढतात. मग श्रेय कंपनांच्या जुळणीला दिले जाते, जरी प्रत्यक्षात सुधारणा तोलामुळे झालेली असते. साधे नळीचे वजन लावूनही तोच लाभ मिळतो आणि ते पुष्कळ स्वस्त पडते. एअर रायफलवाल्यांनी मात्र ५.५ किलोची मर्यादा विसरू नये. बाकी १० मीटरवर या विषयाची चिंता करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही, कारण तोच १०,००० त १ भागाचा कोन तिथे पेलेटला फक्त एक मिलिमीटर हलवतो आणि तिथली खरी परीक्षा आपल्या होल्डचीच असते.

शंकासुर

नाव सार्थ करण्यासाठी एक शंका मांडतो. ट्यूनरची जी 'चाचणी' आपल्याकडे केली जाते, तिच्यात एका सेटिंगवर पाच शॉट्स मारले जातात, मग वजन थोडे फिरवून पुन्हा पाच, आणि सर्वांत लहान ग्रुप (लक्ष्यावरचा शॉट्सचा पुंजका) ज्या सेटिंगला पडला तिथे वजन कायमचे घट्ट केले जाते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही चाचणीच नव्हे. पाच शॉट्सच्या ग्रुपचा सर्वाधिक व्यास हे अत्यंत चंचल माप आहे. रायफल, लॉट आणि नेमबाज तेच ठेवले तरी त्याचे प्रमाण विचलन (सरासरीपासून होणाऱ्या चढउताराचे माप) सरासरीच्या २५ ते ३० टक्के असते. म्हणजे काहीही न बदलता दहा ग्रुप मारले, तरी सर्वांत मोठा ग्रुप सर्वांत लहान ग्रुपच्या दुप्पट सहज निघू शकतो. ज्याने वजन दहा ठिकाणी फिरवले, त्याला एक 'सर्वोत्तम सेटिंग' सापडणारच, अगदी ट्यूनरच्या आत काहीच नसले तरीही.

खरी तुलना करायची असेल तर ग्रुपचा व्यास सोडून द्यावा आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर मिळणाऱ्या प्रत्येक शॉटच्या उभ्या स्थानाचे प्रमाण विचलन काढावे, कारण वादाचा मुद्दा उभ्या पसाऱ्याचा आहे. तिथेही २० शॉट्सवर काढलेल्या आकड्यात १६ टक्क्यांची आणि ५० शॉट्सवर १० टक्क्यांची अनिश्चितता राहते. दोन सेटिंग्जची तुलना करताना ती आणखी वाढते. दोन्ही सेटिंग्ज आलटून पालटून मारावीत, नाही तर सकाळी वारा नसताना एक आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटल्यावर दुसरे, असा प्रकार वरळीत हटकून होतो. एवढी आयात काडतुसे खर्च करण्याची ज्याची तयारी आहे, त्याने ट्यूनर खुशाल घ्यावा.

शिवडीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. विशेषतः 'थरथर सारखी असेल तर निरुपद्रवी' हा मुद्दा माझ्या ज्येष्ठ मित्रांनाही वाचून दाखवणार आहे. कर्नाळ्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे श्वासाकडे लक्ष देतो. नळी दस्त्याला घासते का, हे रायफल न उघडता कसे कळेल? आणि काडतुसांचा लॉट बदलल्याने कंपनांवर काही परिणाम होतो का?

थ्रीनॉटथ्री

सोपे आहे. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, बोल्ट काढून ठेवून, दहा रुपयांची नोट नळी आणि दस्त्याच्या मधून तोंडाच्या बाजूने आत सरकवत न्यावी. ती नळीच्या मुळापर्यंत न अडकता गेली पाहिजे. मग स्लिंग लावून, प्रोनमध्ये पडून, रोजच्या ताणात असताना दुसऱ्या कोणाकडून तीच तपासणी करून घ्यावी, कारण मोकळ्या रायफलमध्ये सहज जाणारी नोट ताणाखाली अडकल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. मुंबईत हे पावसाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा करावे. अक्रोडाचे लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. जूनमध्ये नीट असलेला दस्ता ऑगस्टमध्ये नळीला टेकू शकतो, आणि दस्त्याचे स्क्रू तितकेच फिरवलेले असूनही त्यांची पकड बदललेली असते. आजच्या ॲल्युमिनियमच्या दस्त्यांना हा त्रास नाही.

स्क्रू घट्ट करण्यासाठी टॉर्क पाना वापरावा आणि उत्पादकाने दिलेला आकडा पाळावा. मनगटाच्या अंदाजावर घट्ट केलेले दोन स्क्रू सारखे कधीच नसतात. नळीचे मूळ जिथे धरलेले आहे तिथलीच पकड बदलली, तर यंत्रज्ञसाहेबांच्या गणितातला दांडा 'एका टोकाला घट्ट धरलेला' राहत नाही.

माटुंग्याचा यंत्रज्ञ

लॉटविषयी. लॉट बदलला की दारूच्या जळण्याची गती, गोळीचा नळीतला काळ आणि वेगातील फरक हे तिन्ही थोडे थोडे बदलतात. म्हणून एका लॉटवर जुळवलेला ट्यूनर दुसऱ्या लॉटवर जुळेलच असे नाही. एली आणि लापुआ या कंपन्या आपल्या चाचणी केंद्रांवर नेमबाजाची रायफल शिकंजात बांधून वेगवेगळे लॉट मारून दाखवतात, त्यामागे हेच कारण आहे. प्रत्येक नळीला कोणता लॉट मानवेल हे आधी गणिताने सांगता येत नाही. आपल्याला तिथवर जाणे शक्य नसेल, तर क्लबमध्ये उपलब्ध असलेल्या दोन-तीन लॉटची शंकासुरांच्या पद्धतीने तुलना करावी, आणि जो बरा ठरेल त्याची हंगामभर पुरतील इतकी काडतुसे एकदम घेऊन ठेवावीत. ती उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत, कारण दारूचे तापमान बदलले की वेगही बदलतो.

कर्नाळ्याची ताई

शिवडीकर, शंकासुरांच्या पद्धतीत माझी एक भर घाला. तुमच्या क्लबमधील अनुभवी प्रोन नेमबाजाला हीच रायफल आणि हाच लॉट देऊन २०-३० शॉट्स मारायला सांगा आणि त्याचा उभा पसारा स्वतःच्या पसाऱ्याशी ताडून पाहा. त्याचा पसाराही उभाच आला, तर नोट, पाना आणि लॉट या क्रमाने रायफलकडे वळा. त्याचा पसारा गोलाकार आला, तर रायफलीला हात लावू नका. माझ्याकडे या, श्वासाचे काम दोन-तीन रविवारांत मार्गी लागेल.

शिवडीकर (धागाकर्ता)

ताई, रविवारी सकाळी येतो. स्लिंगच्या ताणाखाली नोट हँडस्टॉपच्या थोडे पुढे अडकली, हे आताच रेंजवर तपासून लिहितो आहे. दस्ता आतून घासण्यासाठी क्लबच्या शस्त्रदुरुस्ती कारागिरांकडे द्यायचे ठरले आहे. तो परत आल्यावर अनुभवी नेमबाजाकडून आणि माझ्याकडून मारलेल्या शॉट्सचे उभे आकडे याच धाग्यावर देईन. ट्यूनरची मागणी तूर्त नोंदवलेली नाही.

शंकासुर

आकडे देताना कृपया सर्व शॉट्सचे द्यावेत. 'हा चुकून गेला' म्हणून वगळलेल्या शॉट्सचेसुद्धा.